पांढरा पट्टा, रेडियल टायर आणि आपल्या पद्मिन्या
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'जुन्या मोटारी'. एवढ्या वेळात मोटारीचं बॉनेटसुद्धा नीट उघडून होत नाही. म्हणून मी गाडीचा जमिनीला टेकणारा भाग तेवढा घेतो. टायर. त्यातही पांढऱ्या पट्ट्याचा रेडियल टायर.

कारण तुम्हाला माहीत आहे. आपल्या बॅचमधल्या एका मित्राकडे वडिलांची १९८४ ची पद्मिनी आहे. मुलीचं लग्न पुण्यात आहे, आणि आजोबांच्या गाडीतूनच मांडवात जाणार असं तिने जाहीर केलं आहे. मुलुंडहून ऐरोली पुलावरून बाहेर पडायचं आणि एक्स्प्रेसवेने खंडाळा घाट चढायचा. गाडीत पाच माणसं, मागे बॅगा, आणि टायरला पांढरा पट्टा हवाच, कारण फोटो. यावर ग्रुपवर महिनाभर सल्ले चालले आहेत. कोणी म्हणतं रंग लावून घे, कोणी म्हणतं रिंग बसव, कोणी म्हणतं परदेशातून मागव. मी नोकरीची सगळी वर्षं टायरच्या रबरात काढली, तेव्हा एकदा उभं राहून सांगून टाकतो.

आधी थोडं आपल्या गावकीचं. वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. तिथे फियाट ११०० बनू लागली. १९६४ मध्ये तिचं 'डिलाइट' हे रूप आलं आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी म्हणून विकली गेली. कुर्ल्याहून लाल बहादूर शास्त्री मार्गाने उत्तरेला या, भांडुपला सिएट. ही कंपनी मूळची इटलीतल्या तुरिनची, १९२४ ची. भारतात आली १९५८ मध्ये. फियाटही तुरिनचीच. म्हणजे तुरिनची मोटार कुर्ल्यात आणि तुरिनचा टायर भांडुपात, मधे घाटकोपर आणि विक्रोळी. आपल्यापैकी निम्म्या मुलांचे वडील या पट्ट्यातल्या कुठल्या ना कुठल्या भोंग्यावर उठायचे. कुर्ल्याच्या त्या जागेवर आज टोलेजंग इमारती आहेत. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही रस्त्यावरून गेली, कारण टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. आता ज्या पद्मिन्या उरल्यात त्या घरच्या. त्या रोज धावत नाहीत, आणि टायरचं दुखणं तिथूनच सुरू होतं. त्याकडे येतोच.

पांढरा पट्टा ही मुळात फॅशन नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टायर अख्खे पांढरट असत, कारण रबरात झिंक ऑक्साइड घालत. पुढे लक्षात आलं की काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, घातली की रबर झिजायला कितीतरी पट चिवट होतं. काजळीला पैसे पडतात, म्हणून ती आधी फक्त रस्त्याला लागणाऱ्या भागात घातली. बाजू पांढऱ्याच राहिल्या. म्हणजे पांढरी बाजू ही काटकसरीची खूण होती. सगळे टायर काळे झाल्यावर तीच श्रीमंतीची खूण झाली. आपल्याकडे पितळेच्या भांड्यांचं असंच झालं, माळ्यावरून थेट दिवाणखान्यात.

आता मुद्दा. काजळी रबराला ताकद देते, उन्हापासूनही वाचवते. पांढऱ्या रबरात काजळी नाही, टायटॅनियम डायऑक्साइड आहे. मग पांढऱ्या पट्ट्याचा टायर कच्चा का? नाही. चांगल्या कारखान्यात पांढरं रबर टायरचं ओझं उचलतच नाही. कच्चा टायर बांधतानाच बाजूच्या रबरात एक पांढरी पट्टी घातली जाते, तिच्यावर काळ्या रबराचा पातळ पापुद्रा असतो, सगळं एकत्र साच्यात भाजलं जातं आणि मग तो काळा पापुद्रा घासून काढतात. आतून पांढरं निघतं. ओझं आतल्या दोऱ्यांवर आणि हवेवर. अशा टायरचा भरवसा त्याच कारखान्याच्या काळ्या टायरइतकाच धरायला माझी हरकत नाही.

पट्टा पिवळा-तपकिरी पडला की लोक घाबरतात. त्याचं कारण साधं आहे. ओझोनमुळे रबराला चिरा पडू नयेत म्हणून काळ्या रबरात जी रसायनं घालतात, ती हळूहळू सरकत पांढऱ्यात उतरतात आणि डाग पाडतात. तो डाग म्हणजे रोग नव्हे. साबणाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश वापरा. रॉकेल, पेट्रोल, थिनर अजिबात नको, रबर फुगतं. तारेचा ब्रशही नको. रोग म्हणजे चीर. डाग आणि चीर यांत फरक करायला शिका, अर्धं काम झालं.

दुसरा प्रकार असा की तयार काळा टायर घ्यायचा, त्याची बाजू यंत्रावर घासायची आणि त्यावर पांढरं रबर भाजून चिकटवायचं. हे काम नीट करणारे जगात आहेत. पण सगळा भरवसा घासणाऱ्याच्या हातावर. रेडियलची बाजू मुळात पातळ असते. जरा जास्त घासलं की दोऱ्यांवर रबर उरत नाही, कमी घासून वर जाड थर दिला तर बाजू वाकताना जास्त तापते. तिसऱ्याने केलेलं हे काम वरून बघून मला ओळखता येत नाही, तुम्हालाही येणार नाही. शिवाय मूळ कारखान्याची हमी त्या दिवशी संपते.

तिसरा प्रकार सगळ्यांत स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यांत वाईट. रिम आणि टायर यांच्या मधे खोचायची पांढरी रबरी रिंग. हा प्रकार जुन्या, क्रॉस-प्लाय टायरच्या जमान्यातला आहे. इथे जरा थांबू, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

क्रॉस-प्लाय टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे टाकलेले असतात, बाजेच्या विणीसारखे. बाजू आणि तळवा एकाच घडणीचे, दोन्ही ताठ. रेडियलमध्ये दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि तळव्याखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. म्हणून तळवा घट्ट आणि बाजू मऊ. मिशेलिनने हा टायर दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आणला. आपल्याकडे घरच्या मोटारींना तो रुळायला बरीच वर्षं गेली. रेडियलची पकड चांगली, झीज कमी. पण बाजू प्रत्येक फेऱ्याला बाहेर येते, आत जाते. हवा पुरेशी असूनही रेडियल जरासा बसल्यासारखा दिसतो, तो यामुळेच. आता या हलत्या बाजूवर एक सैल रिंग बसवा आणि मुंबईच्या पावसातली बारीक वाळू तिच्यामागे जाऊ द्या. रिंग दर फेऱ्याला घासते. टायरच्या बाजूला गोल चर पडतो आणि तो दिसत नाही, कारण वर रिंग आहे. वेग वाढला की रिंगची कड बाहेर फडफडते ते वेगळंच. सोसायटीच्या आवारात वरातीसाठी फिरवायची असेल तर बसवा. घाटात नको.

आणि रंग. रंगाच्या डब्यातलं थिनर रबराला चांगलं नाही, आणि टायर वाकला की रंगाला तडे जातात. मग खरी चीर कोणती आणि रंगाची कोणती हे कळत नाही. टायरवाल्याला बाजू वाचता आली पाहिजे, डॉक्टरला जीभ दिसावी तशी.

परदेशातून मागवणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. अमेरिकेत चॅटानूगा गावी कोकर टायर नावाची कंपनी आहे. जुन्या गाड्यांचे पांढऱ्या पट्ट्याचे टायर, रेडियलसकट, हा तिचा धंदा. पण आपल्याकडे टायरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे आणि जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारीच्या नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली. कुरिअरने चार टायर मागवू आणि घरी येतील, असं होत नाही.

पद्मिनीचा मूळ मापाचा टायर ५.२०-१४, क्रॉस-प्लाय. तिला रेडियल चढवता येतात, अनेकांनी चढवलेत. पण चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. चाकं त्या काळची आहेत. आजच्या रिमवर टायरचा काठ जागच्या जागी धरून ठेवायला एक उंचवटा असतो, तो जुन्या रिमवर असेलच असं नाही. तेव्हा रेडियलला साजेशी ट्यूब घाला, आणि ती घालण्यापूर्वी टायरच्या आत चिकटवलेले कागदी लेबल काढा, कारण तेच ट्यूब घासून पंक्चर करतं. रिमला गंज किंवा नटांच्या भोकांपाशी बारीक तडा आहे का ते रंग खरवडून बघा. रेडियलची पकड जास्त, म्हणून वळणावर रिमवर ओढही जास्त येते. हवा जुन्या पुस्तकातल्या आकड्याने भरू नका, तो आकडा क्रॉस-प्लायचा आहे. रेडियलला त्याहून चार-सहा पाउंड जास्त लागते, टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत राहून. गाडी लागलेली असताना स्टिअरिंग जड वाटेल, ते सोसा. आणि दोन रेडियल, दोन क्रॉस-प्लाय असा संसार मांडू नका. त्यातही पुढे रेडियल आणि मागे जुने म्हणजे वळणावर मागची बाजू निसटण्याचं आमंत्रण.

आता न धावणाऱ्या गाडीचं दुखणं. रोज धावणारा टायर झिजून मरतो. गोटा झाला की आपण बदलतो, कारण दिसतो. घरची पद्मिनी वर्षाला पाचशे किलोमीटर जाते. नक्षी नव्यासारखी, आणि रबर आतून कडक झालेलं. टायरमध्ये एक मेण घातलेलं असतं. टायर चालला, वाकला की ते पृष्ठभागावर येतं आणि ओझोनपासून आडोसा करतं. उभ्या गाडीत ते वर येत नाही. त्यात आपली हवा, एप्रिलचं ऊन, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी दबलेला टायर. रबर जुनं झालं की पोलादी पट्ट्याच्या कडेला रबर आणि तार यांची फारकत सुरू होते. गावात चाळीसच्या वेगाने काही कळत नाही. एक्स्प्रेसवेवर पाच माणसं घेऊन तासभर सलग गेलं, टायर तापला, की मग कळतं. आधी स्टिअरिंगला थरथर येते, नाहीतर बाजूला किंवा तळव्यावर फुगा दिसतो. तेव्हा गाडी कडेला घ्यायची, पुढच्या फूड मॉलपर्यंत जाऊ असं म्हणायचं नाही.

टायरचं वय बाजूवरच लिहिलेलं असतं. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, त्याला नमस्कार करा आणि झोपाळा बांधा. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि पांढरा पट्टा बाहेर ठेवला की बऱ्याचदा ती बाजू आत जाते. खाली झोपून टॉर्चने बघावं लागतं. विकणारा म्हणेल 'नवा आहे, वापरलेलाच नाही'. वापरलेला नसणं आणि नवा असणं या दोन गोष्टी आहेत. मिशेलिन सांगते की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनी, कसाही दिसला तरी, बदला. आपल्या हवेत उभ्या गाडीला मी सात वर्षं धरतो. हे माझं मत आहे, कायदा नाही.

स्टेपनी विसरू नका. पाच टायरपैकी सगळ्यांत म्हातारा नेहमी डिकीत असतो.

एक कायद्याचंही सांगतो, कारण ग्रुपवर कोणीतरी 'व्हिंटेज करून घे' असं लिहिलं होतं. २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या खासगी गाडीलाच व्हिंटेजची नोंदणी मिळते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. १९८४ च्या गाडीला ते लागूच नाही. तिला नेहमीचीच पुनर्नोंदणी, आणि लग्नाला न्यायला तीच बरी.

तर मित्रा, तुला माझा सल्ला. रेडियल काळेच घे, पाचही एकाच कारखान्याचे, वर्षभराच्या आतल्या तारखेचे, आयएसआय मार्कचे. ट्यूब नव्या. बसवून झाल्यावर आधी शंभर-दीडशे किलोमीटर घोडबंदर रोडने फिरवून आण, रिकामी आणि मग भरलेली. पुण्याला जाताना सत्तरच्या वर जाऊ नकोस, ट्रकच्या मागे राहायला लाजू नकोस. कार्यालयाच्या दारात पोचलास की व्हील कॅप काढ आणि पांढऱ्या रिंगा तिथे बसव, फोटो होईपर्यंत. मुलीला पट्टा मिळेल. परतताना त्या डिकीत टाक. रिंग बसवायला टायर रिमवरून सोडवावा लागतो, तेव्हा पुण्यातला एक टायरवाला आदल्या दिवशी ठरवून ठेव आणि त्याला जेवायला बोलाव.

आता प्रश्न विचारा. मघाशी बाईंनी खूण केली होती की त्यांच्याकडेही एक १९७९ ची गाडी झाकून ठेवली आहे. बाई, टायरवरचे आकडे लिहून आणलेत का?