दाबलेली बातमी आणि तिचा धनी

(येडशी येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



आज मला बोलण्यास विषय दिला आहे तो दाबलेल्या बातमीचा. विषय शहरी वाटतो. ज्याच्या बैलाला वैरण नाहीं आणि ज्याच्या भात्याला कोळसा नाहीं त्याला बातमीचें काय, असें कोणी म्हणेल. पण दाबली जाते ती बातमी कोणाची, हें पाहूं लागलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, ती बहुधा आपलीच असते. सावकाराच्या घरच्या लग्नाची बातमी कोणी दाबल्याचें मीं अजून ऐकलें नाहीं.

पहिला दाखला मी आपल्याच घरांतला देतों. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. कुणब्याला कोणकोण लुबाडतो, भटभिक्षुक कोणत्या वाटेनें आणि सरकारी कामगार कोणत्या वाटेनें, तें त्यांत उघडें केलें होतें. 'दीनबंधु' पत्र कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं पुण्यास काढलें होतें, आणि पुढें तें मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे चालवूं लागले. त्या पत्रांत असूडाचीं पहिलीं दोन प्रकरणें छापून आलीं. पुढचीं छापण्याचा धीर लोखंड्यांना झाला नाहीं. देशी पत्रांचें तोंड बांधणारा १८७८ चा कायदा लॉर्ड रिपननें तोंवर उठवलाही होता. कायदा गेला, पण त्याची धास्ती छापखान्यांत बसून राहिली. लोखंडे भ्याले म्हणून मी त्यांना हिणवीत नाहीं. गिरणीकामगारांसाठीं ह्या माणसानें जें केलें तें थोडें नाहीं. पण आपला माणूस, आपलें पत्र आणि आपलेंच दुःख असूनही खिळे जुळेनात, ही गोष्ट आपण लपवूं नये.

जोतीरावांनीं मग काय केलें? ते राग गिळून घरीं बसले नाहींत. हस्तलिखित काखेंत मारून निघाले. मुंबई, पुणें, ठाणें, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीं त्यांनीं तो ग्रंथ लोकांना स्वतः वाचून दाखवला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनींही तो त्यांच्याच तोंडून ऐकला. छापील पुस्तक म्हणून संपूर्ण असूड लोकांच्या हातीं पडण्यास पुढें कित्येक वर्षें लोटलीं. पण ज्याच्यासाठीं तो लिहिला होता त्या कुणब्याच्या कानीं तो छापखान्यावाचून पोंचला. शिवाय ऐकणाऱ्याला शंका आली तर उठून विचारण्याची सोय होती, कारण लिहिणारा समोरच बसलेला होता. ही गोष्ट लक्षांत ठेवा. पुढें मला तिचें काम पडणार आहे.

दुसरा दाखला ह्या मातीचा. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपली येडशी निजामाच्या राज्यांत होती. येथून बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी गाडींत बसलें कीं पांगरीला इंग्रजी हद्द लागे. गाडी १८९७ सालीं बार्शीपर्यंत आली आणि १९११ पर्यंत लातुरास जाऊन भिडली. अलीकडे कचेरीची भाषा उर्दू, रयतेची मराठी; सभा भरवायची तर गश्ती नंबर ५३ प्रमाणें आधीं परवानगी घ्यायची; बाहेरच्या पुष्कळ वर्तमानपत्रांना राज्यांत येण्याची बंदी. पण गाडीला काय बंदी करणार? तिच्यांतून माणसें येत, भुसार येई, बाजारहाट होई, आणि माणसांच्या तोंडून खबरही येई. राज्याची हद्द नकाशावर असते, सोयरीक तर दोहों बाजूंना असते.

त्या राज्यांत खरी बातमी छापण्याचें मोल काय होतें तें हैदराबादच्या शोएबुल्ला खानानें दाखवलें. तो 'रय्यत' नांवाच्या पत्रांत काम करी. सरकारनें तें बंद पाडलें, तेव्हां त्यानें 'इमरोज' हें उर्दू दैनिक काढलें. धर्मानें मुसलमान असून त्यानें रझाकारांच्या जुलुमाविरुद्ध लिहिलें आणि संस्थानानें हिंदुस्थानांत सामील व्हावें असें उघड मांडलें. २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्रीं काम आटोपून घरीं परततांना त्याला गोळ्या घातल्या आणि त्याचा हात तोडला. वय अवघें सत्तावीस. लिहिणारा हात तोडला म्हणजे लिहिलेलें पुसलें जातें, असा मारेकऱ्यांचा हिशोब असावा. तीन आठवड्यांनीं, १३ सप्टेंबरला, हिंदी फौजा संस्थानांत शिरल्या. आज मराठवाड्यांत मुक्तिदिनाला झेंडा चढतो तेव्हां ह्या मुसलमान संपादकाचें नांव किती ठिकाणीं घेतलें जातें, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवीं पाहावें.

आतां आजच्या काळाकडे येऊं. आज हस्तलिखित काखेंत मारून हिंडण्याची गरज उरली नाहीं. प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे. दाबणाराचें कामही बदललें आहे. पूर्वीं छापखान्याला कुलूप ठोकलें म्हणजे बहुतेक काम भागे. आतां माहिती तंत्रज्ञान कायद्याचें कलम ६९ अ आहे. त्याच्या आधारें दिल्लीहून यूट्यूब, एक्स (पूर्वींचें ट्विटर) अशा कंपन्यांना हुकूम जातो, आणि तो मजकूर ह्या देशांत दिसेनासा होतो. दिसेनासा होतो म्हणजे नाहींसा होतो असें नव्हे. हुकूम पोंचेपर्यंत शंभर जणांनीं तो उतरवून घेतलेला असतो. कोणी त्याचें चित्र काढून ठेवतो, कोणी परदेशांतल्या पुतण्याकडून मागवतो. आणि 'बंद केलें' हा शब्द ऐकल्यावर, ज्यानें तें कधीं पाहिलें नसतें तोही विचारतो, 'काय हो, त्यांत होतें तरी काय?' दवंडी पिटून एवढी जाहिरात झाली नसती.

पालघरची गोष्ट आठवा. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे वारले आणि मुंबई बंद झाली. त्या बंदाविषयीं एका तरुण मुलीनें फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीनें त्यांना पसंती दिली, आणि पोलिसांनीं दोघींना अटक केली. त्या ओळी तिच्या ओळखीच्या मंडळींनीं वाचल्या असत्या आणि विसरल्या असत्या. अटकेमुळें त्या साऱ्या देशानें वाचल्या. ज्या ६६ अ कलमाखालीं असल्या अटका होत, तें कलमच सुप्रीम कोर्टानें २४ मार्च २०१५ रोजीं रद्द केलें.

जानेवारी २०२३ मध्यें बीबीसीचा गुजरातच्या २००२ सालच्या दंग्यांविषयींचा माहितीपट सरकारनें यूट्यूबवरून व ट्विटरवरून काढावयास लावला. पट खरा कीं एकांगी, ह्याचा निवाडा मी येथें करीत नाहीं. पाहिल्यावांचून तो तुम्हांलाही करतां येणार नाहीं, आणि माझें म्हणणें तेवढेंच आहे. दिल्लीच्या नेहरू विद्यापीठांत तो दाखवण्याच्या वेळीं वीज गेली, तर मुलांनीं तो आपापल्या मोबाईलवर पाहिला. मुंबईच्या टाटा संस्थेंतल्या विद्यार्थ्यांनींही परवानगी नसतां तो पाहिला.

पण आपल्या बिरादरीची गोष्ट त्याहून जवळची आहे. २०२० च्या हिवाळ्यांत पंजाब-हरयाणाचे शेतकरी तीन कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या वेशीवर जाऊन बसले. कांहीं वाहिन्या त्यांना खलिस्तानी म्हणूं लागल्या. तेव्हां त्यांच्यांतल्या तरुणांनीं डिसेंबरांत 'ट्रॉली टाइम्स' नांवाचें पत्र पंजाबी व हिंदींत काढलें, आणि तें ट्रॅक्टरच्या ट्रॉलींतून वाचलें जाऊं लागलें. जानेवारीच्या अखेरीस धरण्याच्या जागीं इंटरनेट तोडलें. १ फेब्रुवारी २०२१ रोजीं सरकारच्या हुकुमावरून ट्विटरनें सुमारें अडीचशें खातीं झांकलीं, त्यांत किसान एकता मोर्चाचेंही होतें. ओरड झाली आणि संध्याकाळपर्यंत तीं उघडावीं लागलीं. त्याच वर्षीं ३ ऑक्टोबरला उत्तर प्रदेशांत लखीमपूर खेरी येथें चालत्या शेतकऱ्यांच्या अंगावर मागून गाडी घातली गेली. तेथलें इंटरनेट बंद केलें. तरी कोणीतरी मोबाईलवर घेतलेलें चित्रण एकदोन दिवसांत देशभर झालें. तें बाहेर आलें नसतें तर मेलेल्यांवरच दोष लागला असता, असें मला तरी वाटतें. ते तीन कायदे सरकारनें नोव्हेंबर २०२१ मध्यें मागें घेतले.

एवढें ऐकून तुम्ही म्हणाल, मग चिंता कसली? बातमी दाबली जात नाहीं, ती फुटतेच. येथेंच मला थांबून बोलावयाचें आहे. बातमी फुटते खरी, पण आडवाटेनें येतांना तिचा धनी हरवतो. कोण म्हणालें, कोठें घडलें, कोणत्या दिवशीं घडलें, हें गळून पडतें, आणि उरते ती 'आली आहे, पुढें पाठवा' एवढीच. अशा निनांवी वाटेवर खऱ्या बातमीच्या पाठोपाठ खोटीही चालत येते, आणि दोघींची चाल एकच. जोतीरावांच्या वाचनाला उठून प्रश्न करतां येत होता. मोबाईलवर आलेल्या ह्या अनाथ मजकुराला कोण काय विचारणार?

त्याची किंमत कोणी दिली तें ऐका. १ जुलै २०१८, आदितवार. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत राईनपाडा म्हणून गांव आहे. तेथें बाजाराच्या दिवशीं नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं पांच माणसें आलीं. बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांतल्या मंगळवेढें तालुक्यांतलीं. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेवर जगणारीं, गांवोगांव हिंडणारीं. त्या दिवसांत मुलें पळवणारी टोळी आल्याचे मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत होते. ह्यांच्यांतला एकजण एका लहान मुलीशीं बोलला, एवढें निमित्त झालें. जमावानें त्या पांचांना ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडलें आणि ठेंचून मारलें. मारणारे कोणी सरदार-जहागीरदार नव्हते, गोरगरीबच होते. आणि मेले ते त्यांच्याहून गरीब.

त्या काळीं देशभर जीं चित्रणें फिरत होतीं त्यांतलें एक मूळचें कराचीचें. मुलांना जपा, हें आईबापांना सांगण्यासाठीं तेथल्या एका संस्थेनें तें काढलें होतें. मोटारसायकलवरचीं माणसें मूल उचलतात, आणि शेवटीं तें परत आणून सोडतात व पाटी दाखवतात, असा तो खेळ. कोणीतरी शेवट कापून टाकला. मूल पळवल्याचें तेवढें राहिलें. सरकारी हुकूम बातमीवर कात्री चालवतो, हा अफवेवालाही कात्रीच चालवतो. राईनपाड्यानंतर कंपनीनें एक मजकूर एका वेळीं पांचांपलीकडे पाठवतां येऊं नये अशी व्यवस्था केली. वेसण बरी, पण पांचांचे पुढें पंचवीस होण्यास किती वेळ लागतो?

म्हणून जो म्हणतो 'अफवा पसरतात, यास्तव बातम्या बंद करा', त्याचें औषध उलटें आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यांत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस जाळपोळ झाली आणि इंटरनेट बंद झालें. दंगा विझवण्यासाठीं केलें हें मला समजतें. पण ज्या रात्रीं खरें काय तें कळण्याची वाट बंद असते त्या रात्रीं लोक बोलणें बंद करीत नाहींत. ते अंधारांत बोलतात.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक आहे. इंग्रज सरकार पुस्तक जप्त करी तेव्हां गॅझेटांत तसें छापी. पुस्तकाचें नांव आणि कोणत्या कायद्यानें जप्त, हें वाचतां येई, आणि त्यावर कोर्टांत जातां येई. आज कलम ६९ अ खालचे हुकूम २००९ च्या नियमांतील १६ व्या नियमाप्रमाणें गुप्त ठेवतात. म्हणजे बातमी दाबली ही बातमीसुद्धां दाबलेली. इंटरनेट बंद करण्याचे हुकूम तरी प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असें सुप्रीम कोर्टानें १० जानेवारी २०२० रोजीं काश्मीरच्या खटल्यांत सांगितलें आहे. तेव्हां आपल्या जिल्ह्यांत उद्यां तशी वेळ आली तर हुकूम कोठें लावला आहे, त्यावर सही कोणाची आहे, हें तहसिलांत जाऊन विचारण्याचा अधिकार येथें बसलेल्या प्रत्येकाला आहे.

आणि दिल्लीकडे बोट दाखवतांना आपल्या गांवच्या ग्रुपाकडेही पाहा. नळयोजनेचा हिशोब विचारला म्हणून माणसाला ग्रुपमधून काढून टाकणारे ॲडमिन मीं पाहिले आहेत. सत्तेची चव लागली कीं कुणब्याचा पोरही कोतवाल होतो. ज्या बाईच्या हातीं मोबाईलच नाहीं, तिची तर कोणत्याच ग्रुपांत गणती नाहीं. तिला बातमी कळते ती नवऱ्याच्या मर्जीप्रमाणें.

मला सुचतें तें एवढेंच. दर वस्तीला एक वही करावी. मोबाईलवर जें येईल त्यांतलें जें आपल्या पोटापाण्याशीं किंवा कोणाच्या जिवाशीं लागू असेल तें वहींत उतरावें: कोणी पाठवलें, मूळ कोणाचें, जागा कोणती, तारीख कोणती. हे चार रकाने भरतां येत नसतील तर तो मजकूर पुढें जाऊं नये, तिऱ्हाईत माणसाच्या अंगावर तर मुळींच जाऊं नये. रकाने भरले असतील, आणि तरी कोणी तो पुसावयास सांगत असेल, तर तो पुसूं नये. त्याच्या चार प्रती कराव्या. आणि आठवड्यांतून एक रात्र ती वही मोठ्यानें वाचावी, बायामाणसांना बसवून वाचावी, आणि ज्याला शंका येईल त्याला विचारूं द्यावें. वाचणारा पोरगा सातवी शिकलेला असला तरी पुरे.

वही दोन-पांच रुपयांची नाहीं, थोडी जाड घ्यावी लागेल. ती कोणाच्या घरीं ठेवावयाची आणि पहिलें वाचन कोणत्या वाड्यांत करावयाचें, तें अध्यक्षांनीं आज येथेंच ठरवून घ्यावें, म्हणजे मी बसतों.