किल्ल्या वाजवणारं शहर

चेक देशाची राजधानी प्राग हे जुनं शहर. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक जर्मनीत ड्रेस्डेनला शिकते. तिथून प्राग आगगाडीनं साधारण अडीच तासांवर. शनिवार-रविवार धरून ती मैत्रिणीबरोबर ते बघून आली, आणि आमच्यात दोन तट पडले. कर्ज काढून शिकायला गेलेल्या पोरीनं फिरावं का? हे पैसे तिनं विद्यापीठाच्या खानावळीत काम करून जमवले होते, हे कळल्यावर आवाज जरा खाली आले.

बचत गटाच्या बाया आम्ही, पहिला प्रश्न खर्चाचाच विचारला. जर्मनीत राहण्याचा परवाना असला की अशा छोट्या सहलीला वेगळा व्हिसा लागत नाही. परवाना आणि पासपोर्ट मात्र जवळ हवा. रात्री हॉस्टेलात, एका खोलीत आठ बिछाने, फक्त मुलींची खोली. जेवण म्हणजे सोबत नेलेल्या दशम्या आणि चटणी. चेक देशात युरो नाही, कोरुना चालतो. गर्दीच्या चौकात पैसे बदलून देणाऱ्या काही दुकानांवर 'कमिशन नाही' अशी पाटी असते, पण कापायचं ते भावातच कापलेलं असतं. 'शून्य टक्के व्याज' वाचून फ्रिज घेतलेल्या बायांना हे समजावून सांगायला नको. पोरगी हुशार, आधी विचारते, "शंभर युरोचे हातात किती देणार?"

बघण्यासारखं पुष्कळ आहे. 1410 सालचं घड्याळ, दर तासाला त्यातला हाडांचा सापळा घंटा वाजवतो. नदीवरचा दगडी पूल, चार्ल्स राजानं 1357 साली बांधायला घेतलेला, दोन्ही कडांना संतांचे पुतळे. त्याच राजानं 1348 साली तिथं विद्यापीठ काढलं, ते अजून चालू आहे.

पण ती सगळ्यात जास्त बोलली नारोद्नी नावाच्या रस्त्याबद्दल. 1939 साली हिटलरच्या फौजांनी हा देश बळकावला. त्या वर्षीच्या निदर्शनात यान ओप्लेताल या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला गोळी लागली आणि तो गेला. त्याच्या अंत्ययात्रेत पोरांनी पुन्हा घोषणा दिल्या. मग 17 नोव्हेंबरला नाझींनी वसतिगृहांवर धाड घातली, नऊ जणांना ठार केलं, बाराशेच्या वर विद्यार्थी छळछावणीत धाडले आणि चेक विद्यापीठांना टाळं ठोकलं.

बरोबर पन्नास वर्षांनी, 1989 साली, त्याच तारखेला विद्यार्थी त्या पोरांची आठवण म्हणून निघाले. आता राज्य कम्युनिस्टांचं होतं. नारोद्नी रस्त्यावर पोलिसांनी दोन्हीकडून वाट अडवली आणि पोरांना बेदम मारलं.

इथं आमच्या ताईंनी लेकीला मधेच थांबवलं. "आणि त्यांच्या आया काय करत होत्या गं?"

मारहाणीनंतर विद्यार्थ्यांनी आणि नाटकातल्या नटांनी संप केला. काही दिवसांतच शहराच्या मोठ्या चौकात लाखो माणसं जमली, त्यात आयाही आल्या. कुणाच्या हातात काठी नाही, दगड नाही. सगळ्यांनी खिशातून, पिशवीतून घराच्या किल्ल्या काढल्या आणि वर धरून वाजवल्या. तुमची वेळ संपली, आता निघा, असा त्याचा अर्थ. डिसेंबर संपायच्या आत वाच्लाव हावेल हा तुरुंग भोगलेला नाटककार राष्ट्राध्यक्ष झाला.

हे ऐकताना आमच्यातल्या दोघी-तिघींचा हात नकळत कमरेच्या जुडग्याकडे गेला.

नारोद्नी रस्त्यावर मार पडला त्या जागी, एका कमानीखालच्या भिंतीवर, धातूचे उघडे हात वर केलेले आहेत. आमच्याकडं काही नाही, असं सांगणारे. दर 17 नोव्हेंबरला लोक तिथं मेणबत्त्या लावतात. ही गेली तेव्हा नोव्हेंबर नव्हता, तरी त्या हातांखाली दोन-तीन विझलेल्या मेणबत्त्या होत्या.