दूरचा डॉक्टर, जवळचा हात



परभणी जिल्ह्यातील उपकेंद्रांवर काम करणारे आम्ही कर्मचारी आज दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याविषयी चार शब्द सांगणार आहोत. केंद्र शासनाची ई-संजीवनी सेवा २०१९ साली सुरू झाली. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून पडद्यावरून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतात. पावसाळ्यात काळ्या मातीतल्या वाटांनी तालुका गाठणे किती कठीण असते, हे पालम-सोनपेठकडच्या माणसाला सांगावे लागत नाही.

तरीही प्रथम आम्हीच साशंक होतो, हे कबूल केले पाहिजे. रेंज गेली तर काय? निदान चुकले तर दोष कोणाचा? हे आणखी एक आकडे भरण्याचे काम तर नव्हे? आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या विचारीत, "डॉक्टर हात न लावता कसं सांगतो गं बाई?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. ती १९२९ साली 'यंग इंडिया'त पत्ररूपाने आली होती. त्यांची पत्नी बाळंतीण होती, आजारी पडली. डॉक्टर वस्तीत शिरला नाही. तिलाच बाहेर आणावे लागले. त्याने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्यांनी पतीला, पतीने पत्नीला. लांबूनच न्यूमोनिया ठरवून तो निघून गेला. ती माउली वाचली नाही. तो डॉक्टर चार पावलांवर होता, पण अंतर जातीचे होते.

आजचे अंतर रस्त्याचे आहे. ते यंत्राने कमी होते. पण रुग्णाजवळ बसलेल्या माणसाने हात आखडला, तर तेच जुने अंतर पुन्हा उभे राहते. म्हणून आमची समजूत आता अशी झाली आहे की, पडद्यावरच्या डॉक्टरांचे हात आम्हीच आहोत. नाडी, रक्तदाब, ताप, श्वासाची गती आम्हीच पाहायची. सांगितल्यास पोट दाबून कुठे दुखते तेही पाहायचे, आणि जे दिसले तेच सांगायचे.

२५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार आरोग्य कर्मचाऱ्याने सल्ला मागितला, तर रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते. प्रत्यक्ष तपासणी हवी की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे. आणि काही औषधे दुरून लिहून देताच येत नाहीत. मात्र साप चावला, छातीत कळ आली, गरोदर बाईला रक्तस्राव झाला, तर पडद्यापुढे बसून वेळ घालवू नका. थेट १०८ ला फोन करा.

आणखी एक. पडदा आला म्हणून डॉक्टरांची रिकामी जागा भरली, असे कोणी समजू नये. ती मागणी आपण सोडायची नाही. विद्यार्थ्यांनो, तुमच्यातूनच उद्याचे डॉक्टर आणि परिचारिका घडायला हव्यात. तोवर आजी-आजोबांसोबत उपकेंद्रात या, काय सांगितले ते त्यांना समजावून द्या.

घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले होते. सेवेचा तो हात यंत्राच्या काळातही आपल्याकडेच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!