गावच्या दवाखान्यात आम्ही काय शिकलो
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



या व्यासपीठावरून नेहमी कापसाच्या भावाचे, कर्जाचे आणि विजेचे बोलणे होते. आज आम्ही दवाखान्याचे बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. कोरडवाहू कापूस आणि ज्वारी करणारी चार माणसे आहोत. आठवड्यातून एक दिवस, गुरुवारी, गावात भरणाऱ्या एका सेवाभावी दवाखान्यात आम्ही बिनपगारी काम करतो. केसपेपर लिहायचा, वजन करायचे, ताप बघायचा, कोणती गोळी कधी घ्यायची ते म्हातारीला तीनदा समजावून सांगायचे. तालुक्याहून डॉक्टर येतात आणि चार वाजता परत जातात.

सुरुवातीला आम्हाला वाटले, आपण मोठे पुण्य करतो आहोत. हा भ्रम कसा उतरला ते सांगतो.

फवारणीच्या दिवसांत, डॉक्टर निघून गेल्यावर, एका सालदाराला बैलगाडीतून आणले. अंगाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी. आम्ही म्हणालो, ऊन लागले. सावलीत निजवले आणि लिंबू-साखरेचे पाणी पाजत बसलो. पाऊण तास गेला. मग एकाने डोळ्यांवर बॅटरी धरली, तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सदऱ्याला औषधाचा वास येतच होता. पण त्या दिवसांत तो वास आपल्या सगळ्यांच्याच अंगाला असतो, म्हणून कुणाला खटकला नाही. जीप मिळाली, सरकारी रुग्णालयात अॅट्रोपिनचे इंजेक्शन मिळाले, माणूस वाचला. आमच्यामुळे वाचला असे आम्ही म्हणणार नाही. पाऊण तास तर आम्हीच घालवला होता.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात पडले. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, तोंडाला नुसता रुमाल. त्या वर्षी सगळ्यांनी हळहळ केली. पण त्या माणसाला पहिल्या तासात काय करायचे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? म्हणून सांगतो. कपडे उतरवा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा, धुणाऱ्याने हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवा. बळेच उलटी करवू नका. शुद्धीवर नसेल तर कुशीवर निजवा, तोंडात पाणी घालू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली बरोबर पाठवा, कारण उतारा औषधागणिक वेगळा असतो आणि काही औषधांना उताराच नाही. सर्पदंशाचेही तसेच. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, या चारही विषांवर चालणारी एकच लस सरकारी दवाखान्यात मिळते. तिथे वेळेत पोहोचणे हाच उपाय.

दुसरी गोष्ट सलाईनची. हगवण लागलेला माणूस आला की घरचे म्हणतात, सलाईन लावा, पैसे देतो. आम्ही मीठ-साखरेचे पाणी द्यायला लागलो की तोंडे वाकडी होतात. १९७१ साली बांगलादेशाच्या लढाईत लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवून पिंपात भरले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. मरणारांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. तोच उपाय आज पुडीत मिळतो. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. ज्याला पिता येते त्याला बहुतेक वेळा सुई लागत नाही. बेशुद्ध असेल किंवा पोटात काही ठरतच नसेल, तर मात्र सलाईनशिवाय गत्यंतर नाही.

आता मूळ मुद्दा. गुरुवारचा दवाखाना गुरुवारीच असतो. माणूस आजारी पडतो तो शुक्रवारी रात्री. मग गावाने करायचे काय?

याचे उत्तर आपल्याच मुलखात शोधले गेले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला आले. दुष्काळी भाग. लोकांना औषधाआधी पाणी आणि अन्न हवे होते, म्हणून ते काम त्यांनी आधी धरले. शिकलेल्या नर्स खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच निरक्षर, अनेक दलित वस्तीतल्या. त्यांना बाळंतपण, बाळाचे वजन, हगवण, लसीकरण शिकवले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळांची काळजी गावातल्या बाईच्या हाती दिली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे १९९९ साली जगापुढे मांडले. २००५ साली सरकारने ‘आशा’ योजना आणली, तिच्यामागे हाच विचार आहे.

म्हणजे गुरुवारच्या डॉक्टरपेक्षा आपल्या गल्लीतली आशाताई गावाच्या जास्त कामाची. ती शुक्रवारी रात्रीही गावातच असते. पण तिला आपण कसे वागवतो? सरकार तिला ‘स्वयंसेविका’ म्हणते आणि कामागणिक मोबदला देते. तोही वेळेवर मिळावा म्हणून तिला मोर्चे काढावे लागतात. आपणही तिला मध्यरात्री उठवतो आणि गाडीभाडे तिच्याच पदरातून जाते. घामाचा दाम मागणारी आपली चळवळ. गावातल्या बाईचा घाम मात्र आपल्याला फुकट हवा, हे कोणत्या हिशेबात बसते?

हीच कसोटी आम्ही स्वतःलाही लावतो. आमच्या बिनपगारी कामामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातली रिकामी जागा भरायची सरकारला घाई राहिली नाही, तर आम्ही सेवा केली की नुकसान केले? आमचे म्हणणे एवढेच की स्वयंसेवकाने केंद्राची जागा घेऊ नये. माणसाला वेळेत तिथवर पोहोचवावे आणि तिथे डॉक्टर नसेल तर जाब विचारावा.

म्हणून या मेळाव्यापुढे तीन ठराव ठेवतो. पहिला, प्रत्येक गावातून एक बाई आणि एक पुरुष यांनी फवारणीच्या आधी विषबाधा आणि सर्पदंशाचे प्रथमोपचार शिकून घ्यावेत. दुसरा, रात्री-बेरात्री रोगी नेण्याची गाडी कोणाची आणि डिझेल कोणाचे, हे गावाने आजच ठरवावे. आशाताईच्या पदराला हात लावू नये. तिसरा, अॅट्रोपिन आणि सापाची लस आरोग्य केंद्रात शिल्लक आहे की नाही, हे दर महिन्याला दोघांनी जाऊन विचारावे आणि नसेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

तो सालदार परवा भेटला. यंदा पुन्हा पंप पाठीवर घेणार आहे, कारण दुसरे काम नाही. निघताना विचारत होता, “भाऊ, या वेळी बाहुल्या आधी बघाल ना?”

आम्ही हो म्हणालो आहोत. आपणही म्हणावे. नावे मंडपाच्या दारात लिहून घेतो.