राहूचा कोन आणि पृथ्वीचे डोलणे



आमची हयात कामगारांच्या पगारपत्रकांवर गेली; आकाशाकडे पाहणे झाले ते रातपाळीहून परततानाच. एका वाटाघाटीत आम्ही कमी भरलेल्या पगाराचा प्रश्न काढला, तेव्हा उत्तर मिळाले, ‘आकडा यंत्राने काढला आहे.’ यावर आम्हांस बोलता येईना. मग ठरविले की, यंत्राकडून हिशेब करवून घेण्याची रीत आपणच शिकायची. सरावाला असे उदाहरण हवे होते की ज्याचे उत्तर आधीच छापलेले आहे. ते बेल्जियमच्या जाँ मेउस यांच्या खगोलगणिताच्या पुस्तकात सापडले. उदाहरण होते पृथ्वीच्या अक्षांदोलनाचे.

भोवरा डोलतो तसा पृथ्वीचा अक्ष सुमारे 26,000 वर्षांत एक फेरा घेतो. हे संपातचलन पंचांगवाल्यांना ठाऊक आहे. त्या फेऱ्यावर आणखी एक बारीक हेलकावा असतो, ते अक्षांदोलन. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली, आणि त्या फुगवट्याला चंद्र ओढतो. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी पाच अंशांनी तिरकी. तो क्रांतिवृत्त ओलांडून उत्तरेस जातो तो बिंदू मागे मागे सरत 18.6 वर्षांत फेरा पुरा करतो. हा बिंदू म्हणजेच आपला राहू! ज्याच्या नावाने आमच्या सभासदांनी कर्ज काढून शांती केल्या, तो गणितात एक कोन आहे. त्याच्या फेऱ्याबरोबर वसंतसंपात सतरा विकला मागेपुढे होतो. सूर्यबिंबाच्या शंभराव्या भागाहूनही हे कमी.

इंग्लंडात जेम्स ब्रॅडलीने 1727 पासून कालेय तारकासमूहातील एका ताऱ्यावर हे मोजले. राहूचा फेरा पुरा होईतो, 1747 पर्यंत, तो थांबला आणि 1748 मध्ये शोध जाहीर केला. वीस वर्षे! आम्ही तीन महिन्यांच्या संपात हवालदिल होतो.

आमच्या उदाहरणाची तारीख होती 10 एप्रिल 1987, शून्य तास. अखंड दिवसगणनेत हा क्षण 2446895.5. त्यातून 2000 सालारंभीचा 2451545 वजा करून 36525 ने भागले की शतके येतात, उणे 0.1273. राहू 2000 च्या आरंभी 125.045 अंशांवर होता आणि शतकात 1934.136 अंश मागे जातो. म्हणून त्या दिवशी, पुरा फेरा सोडून, 11.253 अंश. त्याची ज्या उणे 17.20 ने गुणली की उणे 3.36 विकला.

यंत्राने मात्र अधिक 16.6 सांगितले! पोरे म्हणाली, यंत्र बिघडले. बिघडले काहीच नव्हते. यंत्र कोन रेडियनमध्ये मागते, आम्ही अंश दिले होते. त्याने मुकाट्याने गुणाकार केला. चूक सुधारून सूर्याचे, चंद्राचे आणि राहूच्या दुप्पट कोनाचे पद मिळविले, तेव्हा उणे 3.86 आले. मेउस यांचे 63 पदांचे उत्तर उणे 3.788. 1980 च्या आंतरराष्ट्रीय सिद्धान्तात 106 पदे आहेत, 2000 च्या सिद्धान्तात 1365. गच्चीवरच्या दुर्बिणीला आमची चार पुरतात.

दुसऱ्या दिवशी ते पगारपत्रक पुन्हा काढले. साडेसात तास 7.30 असे भरलेले, आणि यंत्राने ते दशांश समजून गुणलेले. दर पाळीमागे माणशी बारा मिनिटे जात होती. थकबाकी मिळायला अकरा महिने लागले.