पोवळ्याचे पोर आणि शेवाळाचे विष

पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंगठीतला तांबडा खडा येतो. आज आपण बोलणार आहोत ते मात्र उष्ण समुद्रात खडकांच्या रांगा उभारणाऱ्या पोवळ्यांविषयी. ही झाडे नव्हेत, दगडही नव्हेत. हे बारीक प्राणी आहेत. एका जागी चिकटून ते जन्म काढतात आणि अंगाखाली चुन्याचे घर बांधीत जातात.

त्यांचे पोर तेवढे हिंडते असते. जेमतेम मोहरीएवढा हा जीव काही दिवस पाण्यात तरंगतो आणि मग घरासाठी जागा शोधू लागतो. जागेची पारख तो पुष्कळशी रसायनांवरून करतो. खडकावर गुलाबी, चुनखडी शेवाळाचा पापुद्रा असला, तर तिथली द्रव्ये त्याला जणू ‘ये, बैस’ म्हणतात.

परंतु सगळीच शेवाळे अशी अगत्यशील नसतात. फ्लोरिडातील प्रयोगांत, २००६ साली, असे दिसले की काही शेवाळे जवळ असली तर पोवळ्याची पोरे तिथे बसायलाच कचरतात.

आता कोणी म्हणेल, शेवाळाची सावली पडते, ते अंगाला घासते, म्हणून पोवळे मरत असेल. त्यात विष कुठले? रॅशर आणि हे या दोन शास्त्रज्ञांनी फिजी व पनामा येथे हेच तपासले. त्यांनी पोवळ्यांजवळ खरे शेवाळ लावून पाहिले आणि प्लास्टिकचे खोटेही लावून पाहिले. खोट्याने काही बिघडले नाही. खऱ्या शेवाळाचा नुसता अर्क लावला, तरी पोवळी पांढरी पडली. २०१० साली त्यांनी सांगितले की नेहमी आढळणाऱ्या शेवाळांपैकी शेकडा ४० ते ७० जाती अशा घातक आहेत. हे विष तेलकट असते, स्पर्शाने लागते. मोठे पोवळे एक बाजू गमावूनही तगते. पोराला दुसरी बाजू असते कुठे?

मग शेवाळ आवरायचे कोणी? शेवाळ खाणाऱ्या माशांनी आणि समुद्री साळूंनी. जमैकात मासे आधीच फार पकडले गेले होते. १९८३ च्या सुमारास साळूही रोगाने मेल्या. १९७७ साली शेकडा ५२ असलेली पोवळी १९९० नंतर ३ वर आली आणि शेवाळ ४ वरून ९२ वर गेले.

फिजीतील काही गावांनी किनाऱ्यालगतचा थोडा समुद्र मासेमारीला बंद केला. तिथे शेवाळ कमी आणि पोवळी जास्त आहेत. मात्र एकाच जातीचा मासा पुरत नाही. एक जे शेवाळ खातो, त्याला दुसरा तोंड लावीत नाही.

२०२३ पासून तापलेल्या पाण्याने जगभरची पोवळी पांढरी पडली. मेलेल्यांची जागा भरायची ती या पोरांनीच. पाणी निवविणे एका गावाच्या हातचे नाही. आज जाळ्यात येणारा मासा उद्यासाठी पाण्यात राहू देणे मात्र आहे, आणि ज्याची चूल त्याच माशावर पेटते, त्याला ते सोपे नाही.