गरिबाची ठेव



आमच्या घरीं धुणेंभांड्यास येणारी बाई पगार हातीं पडतांच त्यांतील दोनतीन नोटा माझ्या पत्नीपुढें परत धरीत असे आणि म्हणे, "वैनी, एवढे तुमच्यापाशीं राहूं द्या." आपणांपैकींहि पुष्कळांच्या घरीं हा प्रकार घडत असेल. कपाटांत एक डबा, डब्यांत चुरगळलेल्या नोटा आणि सारा हिशेब तोंडीं! व्याज नाहीं, पावती नाहीं. उद्यां आम्हीं कानांवर हात ठेवले असते, तर तिला दाद मागावयास जागा नव्हती. तरीहि ती पैसे आमच्याकडेच ठेवी. कारण तिच्या स्वतःच्या घरांत पैसा ठेवण्यासारखी जागाच नव्हती. नवऱ्याची तल्लफ, दिराची नड, शेजारणीचें आजारपण, या सर्वांना त्या पत्र्याच्या पेटीची वाट ठाऊक होती.

दारिद्र्याची चर्चा करतांना आपण सुशिक्षित माणसें गरिबाला काय मिळत नाहीं, येथून प्रारंभ करतों. त्याला जें थोडें मिळतें तें त्यानें सांभाळावें कोठें, हा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच येतो. आज मी त्याविषयींच बोलणार आहें.

सातारा जिल्ह्यांत, माण तालुक्याच्या दुष्काळी मुलुखांत म्हसवड नांवाचें गांव आहे. तेथें रस्त्याच्या कडेला पालांत राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पैसे सांठवावयाचे होते. तिला कर्ज नको होतें. पावसाळा लागण्यापूर्वीं पालावर घालावयास प्लास्टिकचा कागद घ्यावा, म्हणजे पोरें भिजणार नाहींत, एवढाच तिचा हेतु! परंतु इतक्या क्षुल्लक रकमेचें खातें उघडण्यास कोणतीहि बँक राजी होईना. तिनें हें गाऱ्हाणें श्रीमती चेतना गाला सिन्हा यांच्यापाशीं सांगितलें. मुंबईंत वाढलेल्या व लग्नानंतर म्हसवडास येऊन राहिलेल्या या बाईंनीं मग गांवांतील स्त्रियांचीच बँक काढण्याचें मनांत आणलें.

रिझर्व्ह बँकेनें पहिला अर्ज फेटाळला. प्रवर्तक सभासदांत निरक्षर बायका आहेत, हें त्याचें कारण. बायका गांवीं परतल्या, अक्षरें गिरवूं लागल्या आणि कांहीं महिन्यांनीं पुन्हां अधिकाऱ्यांपुढें जाऊन उभ्या राहिल्या. आम्हांला वाचतां येत नसेल, पण हिशेब येतो, असें त्यांनीं सांगितलें. वाटेल ती मुद्दल सांगा, आम्ही तोंडानें व्याज काढून दाखवितों. आणि आपल्या साहेबांनाहि यंत्रावांचून तें काढावयास सांगा! १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

या बँकेच्या इतिहासांतील मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट मात्र परवान्याची नव्हे, पासबुकाची आहे. आपल्याला पासबुक म्हणजे ठेवीची शाश्वती. तेथील बायका म्हणूं लागल्या, पासबुक आम्हांला नको. तें घरांत सांपडलें कीं नवऱ्याला शिल्लक कळते, आणि कळली कीं ती राहत नाहीं. तेव्हां बँकेनें त्यांना इलेक्ट्रॉनिक कार्ड दिलें, ज्यावरून शिल्लक कोणास वाचतां येऊं नये. मजुरी बुडवून बायकांना बँकेंत येणें परवडत नाहीं हें दिसतांच बँकेचीं माणसें त्यांच्या दारीं जाऊं लागलीं. अर्थशास्त्राच्या कोणत्याहि ग्रंथांतून ही सुधारणा निघाली नसती. ती निघाली गिऱ्हाइकाच्या तक्रारींतून.

याच्या एकवीस वर्षें आधीं, १९७६ सालीं, चितगांव विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकविणारे प्राध्यापक महंमद युनूस शेजारच्या जोब्रा गांवांत हिंडत असतां त्यांना बांबूचीं स्टुलें विणणारी एक बाई भेटली. बांबूसाठीं ती व्यापाऱ्याकडून पैसे घेई आणि त्यापायीं त्यालाच, तो म्हणेल त्या भावानें, माल देई. अशा जाळ्यांत सांपडलेल्या बेचाळीस जणांची यादी त्यांनीं केली. सर्वांचें कर्ज मिळून ८५६ टाका! तेवढे त्यांनीं पदरचे दिले. त्यांतून पुढें ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ सालीं दोघांना मिळून शांततेचें नोबेल पारितोषिक लाभलें. गरीब माणूस कर्ज फेडतो, हें जगाला त्यांनीं दाखविलें; हें ऋण मान्य केलेंच पाहिजे.

परंतु पुढें जगानें त्याचा मंत्र केला. कर्ज द्या आणि दारिद्र्य घालवा! धंदेवाईक मंडळी त्यांत उतरली. एकाच बाईला तीन तीन संस्थांनीं कर्ज द्यावें आणि प्रत्येकीनें दारांत वसुलीस बसावें, अशी स्थिति आंध्र प्रदेशांत झाली. आत्महत्यांच्या वार्ता आल्या, आणि २०१० सालीं तेथील सरकारला वटहुकूम काढावा लागला. २०१५ सालीं सहा देशांतील पाहण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. कोणाचें दुकान वाढलें, कोणाला अडचणींत आधार झाला. पण सरासरीनें पाहतां दारिद्र्य हटलें, असें कोठेंहि दिसलें नाहीं. मला यांत नवल वाटत नाहीं. सावकाराच्या पाशांतून सुटण्यास कर्ज उपयोगी पडलें, म्हणून ज्याच्यापाशीं कांहींच धंदा नाहीं त्यालाहि तें उपयोगी पडेल, हा तर्क मुळांतच लंगडा होता.

ज्यांच्यापाशीं सांठविण्यासहि कांहीं नाहीं, त्यांचें काय? ढाक्याच्या ब्रॅक या संस्थेनें २००२ पासून त्यांच्यासाठीं निराळा प्रयोग चालविला. सर्वांत दरिद्री कोण, हें गांवकऱ्यांनींच जमिनीवर गांवाचा नकाशा काढून सांगावयाचें. त्या घरच्या बाईला गाय किंवा शेळ्या फुकट द्यावयाच्या. भुकेपोटीं तिनें ती गाय विकूं नये म्हणून कांहीं महिने पोटगी द्यावयाची. आणि दोन वर्षें एका कार्यकर्त्यानें वारंवार तिच्या घरीं जाऊन गुरांची निगा, आजारपण, बचत यांविषयीं चौकशी करावयाची. हाच प्रयोग पुढें सहा देशांत तपासला गेला. बहुतेक ठिकाणीं खाणेंपिणें व मिळकत वाढली आणि मदत थांबल्यानंतरहि ती वाढ टिकली. होंडुरासांत मात्र बऱ्याच कुटुंबांनीं कोंबड्या पत्करल्या, त्या रोगानें मेल्या आणि सारा खेळ फसला. बंगालमध्यें तर कित्येक बायकांनीं ही देणगीच नाकारली. फुकट गाय देणाऱ्याच्या मनांत कांहीं काळेंबेरें असलेंच पाहिजे! मला त्यांचा राग येत नाहीं. आजवर त्यांच्या दारीं फुकट द्यावयास आलें होतें कोण?

आपल्याकडे २०१४ पासून जनधन योजनेनें कोट्यवधि खातीं उघडलीं. माझ्या पत्नीनेंहि आमच्या बाईला बरोबर नेऊन तिचें खातें उघडून दिलें. बाईनें अंगठा टेकला, फोटो काढून घेतला, आणि दर महिन्याला आतां ती स्वतः जाऊन पैसे भरते. पासबुक मात्र ती घरीं नेत नाहीं. तें आमच्याच कपाटांत, त्याच डब्यांत असतें.